तिसऱ्या टबातलं मीठ

गोड्या पाण्याच्या टबात क्षार मोजायचा मीटर बुडवला आणि आकडा वर चढत गेला. तो शून्याच्या जवळपास कुठेतरी थांबायला हवा होता. थांबला नाही. हजारात एक, दोन, साडेतीन असं करत चारच्या अलीकडे आला आणि तिथेच राहिला. मी मीटर बाहेर काढला, टोक धुतलं, ओढणीला पुसलं, पुन्हा बुडवला. तेच. मग प्रयोगशाळेत मी कुणालाही करू देणार नाही ते केलं. बोट पाण्यात घातलं आणि जिभेवर ठेवलं. खारट होतं. फार नाही, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजतात, त्यातली साखर काढून टाकली तर उरेल त्याहून थोडं जास्त. पण होतं. सकाळची आठची वेळ, मार्चअखेरीचं सोलापूरचं ऊन गॅलरीच्या कठड्यावरून आत यायला लागलेलं, हवेच्या पंपाची बारीक घरघर, आणि माझ्या जिभेवर एक चव जी तिथे असण्याचं काहीच कारण नव्हतं. टबातल्या चिलापी नेहमीसारख्या तळाशी घोटाळत होत्या. त्यांच्या कल्ल्यांची झाकणं उघडत होती, मिटत होती. त्यांना विचारता आलं असतं तर त्यांनी आकडासुद्धा सांगितला असता. त्यांच्या अंगानं तो केव्हाच ओळखलेला असणार.

गॅलरीत तीन निळे टब होते. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात वायरिंगचं काम निघालं, महिनाभर वीज कधी असेल कधी नसेल, म्हणून माझ्या मार्गदर्शक दाक्षायणी मॅडम म्हणाल्या होत्या, मासे घरी ने, नाहीतर पंप बंद पडून सगळे जातील. जुळे सोलापुरात माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. मासे तिथे आले. त्याआधी ते जेऊरजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यात होते. मी आणि विभागातला एक जण जाळेवाल्यांकडून ते जिवंत घेऊन, पिशव्यांत प्राणवायू भरून, जेऊरच्या स्टेशनावर पॅसेंजरची वाट बघत मांडीवर घेऊन बसलो होतो. बाकावरच्या बाईनं विचारलं होतं, तळायला एवढा थाट कशाला? आता घरी एका टबात मी रोज थोडं थोडं मीठ वाढवत होते, दुसऱ्यात एक दिवस सोडून मोठ्या टप्प्यानं. तिसरा, भिंतीकडचा, गोडा. त्यात काहीच घालायचं नव्हतं. म्हणून पहिल्या दोघांचं माप मी रोज घेत होते आणि तिसऱ्याचं आठवड्यातून एकदा. ज्यात काही घडत नाही ते कशाला मोजायचं, असं मला वाटलं होतं.

हे सगळं कशासाठी, असं घरमालकीण जगदेवीकाकूंनी विचारलं होतं आणि मी त्यांना मंडईतून आणलेल्या माशाचा कल्ला उचलून दाखवला होता. आत लाल कंगवा असतो. कंगव्याच्या प्रत्येक दातावर आणखी बारीक पाती असतात, आणि त्या पात्यांच्या बुडाशी, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा, काही जाड्या पेशी. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असतं. त्यामुळे पाणी त्याच्या अंगात सारखं शिरत राहतं आणि मीठ सारखं निसटत राहतं. तो पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. आत शिरलेलंच बाहेर टाकता टाकता त्याचा दिवस जातो. आणि त्या जाड्या पेशी बाहेरच्या पाण्यात जे काही दोन कण मीठ असेल ते वेचून आत घेत बसतात. खाऱ्या पाण्यात गेला की सगळं उलटं. आता पाणी अंगातून सुटतं, म्हणून तो पाणी पिऊ लागतो. मीठ आत येतं, म्हणून कल्ल्यावरच्या पेशींना ते बाहेर फेकावं लागतं. काही जुन्या पेशी आपलं काम फिरवतात, काहींच्या शेजारी नव्या उगवतात. सगळ्या माशांना हे जमत नाही. चिलापीला जमतं, फक्त वेळ दिला पाहिजे. एकदम समुद्राच्या पाण्यात टाकली तर ती एकदोन दिवसांत उलटी तरंगायला लागते. हळूहळू नेली तर जगते. आणि मला पहिल्यापासून ज्याचं नवल वाटतं ते हे, की एवढी उलथापालथ कल्ल्यावर होत असताना आतलं रक्त जवळजवळ होतं तेवढंच खारट राहतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आत बदलू नये म्हणून बाहेर बदलायचं. आमच्या थोरल्या सुनेसारखं."

पंपाच्या नळीच्या टोकाला बुडबुडे सोडणारा हवेचा दगड असतो, त्याच्याखाली मला दोन खडे दिसले. पांढरे, हरभऱ्याएवढे, कडा विरघळून गोल झालेले. मी पहिल्या दोन टबांत वापरते ते मीठ प्रयोगशाळेचं आहे, पिठासारखं बारीक. हे जाडं मीठ होतं. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. मी मागे वळून पाहिलं. आप्पा उंबऱ्याला पाठ लावून, दुखरा गुडघा लांब सोडून बसले होते आणि लोकर कातायची चाती मांडीवर फिरवत होते. त्यांनी गावाहून येताना थोडी लोकर आणली आहे, काळी, तेलकट वासाची. ती संपत आली आहे. सूत कातून त्याचं काय करायचं हे त्यांनाही माहीत नाही. सांगोल्याच्या माळावर त्यांनी जन्म काढला. पावसाळा संपला की मेंढरांचा कळप घेऊन निघायचं, पाऊस आला की परतायचं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. या थंडीत आप्पांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले आता चालणं बंद, तसा कळप माझ्या चुलत्याला, कोंडीबाकाकांना दिला आणि मी त्यांना इकडे आणलं. ते आले ते एका अटीवर. "म्हैनाभर बघतो. करमलं तर ऱ्हाईन. न्हायतर कोंड्याच्या तळावर जाऊन पडंन. मेंढरांत जीव गेला तर बरंच हाय." महिना संपत आला होता. कोंडीबाकाका गुढीपाडव्यानंतर मेंढरांच्या औषधासाठी गाडी घेऊन सोलापूरला येणार होते. मला ठाऊक होतं, मी ती तारीख मनात धरून होते आणि तिच्याबद्दल बोलत नव्हते. तळावर गेले तर ते बसून राहणार नाहीत. कळप उठला की उठतील, आणि गुडघा असा आहे की कुठल्यातरी बांधावर एकटे पडून राहतील आणि मला फोन येईल.

ते इथे आल्यापासून मी त्यांच्याकडे बघत होते, टबांकडे बघते तसंच. पहिल्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत. नळाचं पाणी तोंडात घेऊन थुंकायचे. "औषीद घातल्यालं हाय." मी ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवायला लागले, माशांसाठी ठेवते तसं, क्लोरीन उडून जावं म्हणून; मग प्यायला लागले. पंखा नको म्हणायचे. रात्री गॅलरीत टबांशेजारी घोंगडी टाकून झोपायचे, पंपाची घरघर आवडते म्हणाले, काहीतरी श्वास घेतंय असं वाटतं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी खालपासून वरपर्यंत सगळी इमारत हंडे-बादल्या घेऊन जागी असते. त्या गडबडीत मात्र आप्पा खुलायचे. जिन्यात उभे राहून सगळ्यांना रांग लावायचे. एकदा जगदेवीकाकू मला हसत हसत म्हणाल्या, "अगं, तुझे आप्पा मला काय म्हणाले माहितीय का? 'पाणी आलं आहे.' आलं आहे! पुस्तकातल्यासारखं. तू शिकवलंस काय गं?" मी शिकवलं नव्हतं. मी हसले, पण जिन्यात तशीच थांबले. आप्पांच्या तोंडात 'आहे'. मला माझं वसतिगृह आठवलं. चौथीनंतर मला तिथे ठेवलं, कारण तळ हिंडता आणि शाळा एका जागी. पहिल्या दिवशी मी उभी राहून म्हणाले, "बाई, माझ्याकडं वही न्हाय," आणि वर्ग हसला. कुणी दुष्टपणानं नाही, नवीन पाखराला हसतात तसे हसले. मी घरी जाऊन तक्रार केली नाही, कारण घर त्या वेळी कुठे होतं हेच मला माहीत नसायचं. फलटणच्या पुढे, कुठल्या तरी उसाच्या रानात. मी फक्त बोलायच्या आधी एक क्षण थांबायला लागले. त्या एका क्षणात आत काहीतरी उलटं फिरायचं आणि बाहेर 'नाही' यायचं. ते थांबणं कधी बंद झालं ते आठवत नाही. आप्पा माझ्यासमोर तसे थांबत नाहीत, माझ्याशी ते त्यांचंच बोलतात. पण काकूंशी, पाणी सोडणाऱ्या माणसाशी, वाण्याशी बोलताना त्यांनी तो क्षण सुरू केला होता. या वयात. आणि मला न सांगता.

मी विचारलं, "आप्पा, या टबात काही टाकलंय का तुम्ही?"

"व्हय." चाती थांबली नाही.

"काय टाकलं?"

"मीठ. दुसरं काय टाकनार."

"किती?"

"किती म्हंजी? मूठभर. दिवस मावळताना. मीठ मोजून कोन देतं?"

"रोज?"

"गेल्या रविवारपासनं. त्या दोन टबांत तू टाकतीस, ह्येच्यात टाकत न्हाईस. पयलं वाटलं इसरत आसंल पोरगी, कालिजाच्या घाईत. मग म्हटलं रोज कशी इसरंल? मुद्दामच करतीया."

"मुद्दामच करते, आप्पा. त्यांना मीठ द्यायचंच नाहीये."

चाती थांबली. "का? त्यांनी काय केलं?"

पदव्युत्तर परीक्षेत मी या प्रश्नाला दीड पान लिहिलं होतं. मी म्हणाले, तुलनेसाठी असे मासे लागतात ज्यांना काहीच केलेलं नाही. बाकीच्यांत जो बदल झाला तो मिठामुळेच झाला हे कळायला. आप्पांनी नीट ऐकलं. ते माझं नेहमीच नीट ऐकतात, कळप वळवताना वारा ऐकावा तसं. मग म्हणाले, "आन शेवटी काय करनार ह्यांचं?"

"परवा मॅडम येणार आहेत. बेशुद्ध करून कल्ले काढायचे. तिन्ही टबांतले."

"सगळ्यांस्नी कापनार?"

"हो."

"मग कापायचं हाय म्हणून उपाशी ठिवायचं व्हय? खाटकाला द्यायचा बकरा बी आमच्यात आदल्या दिशी मीठ चाटतुया."

"आप्पा, ही मेंढरं नाहीत!" माझा आवाज चढला. खाली जगदेवीकाकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला. महिनाभराचं काम होतं. रोजचं मोजणं, पाणी बदलणं, जेऊरची ती सकाळ, आणि परवा होणारं ते एक निखळ माप, ज्याच्या जोरावर मॅडम पुढच्या कामासाठी माझं नाव सुचवणार होत्या. एका मुठीनं, सहा-सात मुठींनी, सगळं मातीत. आप्पांनी टबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "ते दिसतंय की मला. चार पाय न्हाईत त्यांस्नी."

हसू यावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. आलं. मग ते गेलं आणि मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले, कारण माझी नजर त्यांच्या वळकटीतून बाहेर आलेल्या गाठोड्यावर पडली होती. खाकी फडक्याचं, घट्ट गाठीचं. ते आले त्या दिवशी मी ते उचलून कपाटात ठेवायला गेले होते. जड लागलं, तेव्हा म्हणाले होते, राहू दे, माझं मी बघतो. मला वाटलं आईची काही वस्तू असेल, दगडाचा देव असेल. ते मीठ होतं. मेंढरांचं मीठ. कळप देऊन टाकल्यावर, गुडघा गेल्यावर, पोरीकडे शहरात राहायला निघताना या माणसानं कपड्यांआधी मीठ बांधून घेतलं होतं. कुणासाठी, ते त्यालाही माहीत नसणार. वर्षानुवर्षं घरातून पाय काढताना जे खांद्याला असायचं ते या वेळीही हातानं उचललं, एवढंच.

आमच्यात रविवारी मेंढरांना मीठ चारायचे. माळावर चपटे दगड एका ओळीत मांडायचे, प्रत्येक दगडावर मूठ मूठ मीठ. मग आप्पा जिभेनं एक आवाज काढायचे, तो मला लिहून दाखवता येणार नाही, आणि कळप फुटलेल्या तळ्यासारखा अंगावर यायचा. खरखरीत जिभांचा आवाज. मीठ चाटलं की जनावर पाणी पितं, पाणी प्यालं की चरतं, हे मला शाळेच्या आधी माहीत होतं. आणि दरवेळी एखादी लंगडी, एखादी म्हातारी मेंढी ढकलून बाहेर पडायची, दगडांशी पोचेपर्यंत ते पुसून चकचकीत झालेले असायचे. तिच्यासाठी आप्पा एक मूठ मागे ठेवत. कळप पाण्यावर गेला की तिला एकटीला तळहातावर चारत. मी विचारायची, हिलाच हातावर का? ते म्हणत, हिचा दगुड संपला म्हणून. गॅलरीत बसून मला त्यांना तिसरा टब कसा दिसला असेल ते दिसलं. दोन दगडांवर मीठ आहे. तिसरा कोरडा. पोरगी रोज येते, दोघांना घालते आणि तिसऱ्याला ओलांडून जाते.

आणखी एक आठवण वर आली, ती कुठे होती इतके दिवस कोण जाणे. मी सहा-सात वर्षांची असेन. दुष्काळ होता. आमच्याकडची माणसं सहसा तिकडे जात नाहीत, पण त्या वर्षी आप्पा, कोंडीबाकाका आणि आणखी दोन तळ घाट उतरून कोकणात गेले. एका संध्याकाळी कळपाला एकदम खूप पाणी दिसलं, रुंद, राखाडी, काठाला चिखल. मेंढरं धावली, तोंडं बुडवली आणि सगळी एकदम मागे सरली. ती खाडी होती. मी चिखलात उतरून ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. "आप्पा, ह्यात मीठ कुनी टाकलंय?" आप्पा तेव्हा तरणे होते, दाढी काळी होती. ते पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनीही तेवढं पाणी पहिल्यांदाच पाहिलं असणार. म्हणाले, "टाकलं आसंल कुनीतरी. तितल्या जितरापासाठी." मग आम्ही चिखलात बसून त्या पाण्यात उड्या मारणारे बोटभर मासे बघितले. मी विचारलं ह्यांना खारट लागत नाही का. ते म्हणाले, "तू शीक. मग मला सांग." मी शिकले. सांगायचं मात्र राहून गेलं होतं. जगदेवीकाकूंना सांगितलं, विद्यार्थ्यांना सांगते, आप्पांना महिनाभरात एकदाही नाही. मी त्यांना फक्त सांगितलं होतं की टबांना हात लावू नका.

मॅडमना फोन केला. मी काही लपवलं नाही. पलीकडून एक मोठा उसासा आला, मग चक्क हसू. "सुकन्या, कंट्रोल म्हणजे ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही तो गट. तुझ्या घरात नेमकं त्याच्याचकडे लक्ष देणारं माणूस आहे. आता काय करायचं?" मग त्यांचा आवाज कामाचा झाला. परवाचं रद्द. जेऊरहून नवे मासे आणायचे, तिन्ही टब नव्यानं लावायचे, वायरिंग झालंय म्हणून या वेळी विभागातच. एक महिना मागे जाऊ, जाऊ. पुढच्या कामाचं नंतर बघू. "आणि हे बघ, खारे दोन टब तरी वाया नकोत. ते विभागात पाठव, त्यांचे कल्ले मी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाला घेते. तिसऱ्या टबाचे मात्र मला काही उपयोगाचे नाहीत. ना धड गोडे, ना धड खारे. तू काय करायचं ते कर."

मी आप्पांना सांगितलं. ते गुडघ्याला तेल चोळत होते.

"म्हंजी ह्यास्नी कापायचं न्हाय?"

"नाही. ते आता उपयोगाचे नाहीत."

"बरं झालं की, बिनकामाची झाली." टबात डोकावून त्यांना म्हणाले, "ऐकलं का रं? सुटला." मग मला, "तुझं लई नुकसान झालं व्हय?"

"झालं थोडं. भरून निघेल."

तेल लावलेला हात त्यांनी फडक्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. मग म्हणाले, "मग आता ह्यांचं काय?"

आणि इथे मी, जी एका शतांशासाठी माप तीनदा घेते, ती खोटं बोलले. चिलापीला चारचा खारटपणा म्हणजे काहीच नाही. त्या टबातले मासे मी त्याच दुपारी पिशवीत भरून जेऊरला नेऊन सोडले असते तरी त्यांना कळलंही नसतं. मी म्हणाले, "परत नेऊन सोडायचे, जिथून आणले तिथे. पण एकदम सोडता येणार नाहीत. अंगाला सवय झालीय खाऱ्याची. रोज एक तांब्या पाणी काढायचं, एक तांब्या गोडं घालायचं. सावकाश. कुणीतरी रोज करायला पाहिजे. मला आता विभागात दिवसभर थांबावं लागणार." बोलताना मी टबाकडे बघत होते. आप्पाही टबाकडे बघत होते. ज्या माणसानं माळावरच्या प्रत्येक विहिरीचं पाणी जिभेनं ओळखलं, त्याच्याशी मी पाण्याबद्दल खोटं बोलत होते.

"करतो की," ते म्हणाले. "मी केलेलं मीच निस्तरतो."

त्या संध्याकाळी मी त्यांना खाडीतल्या माशांचं उत्तर दिलं. सगळं सांगितलं, कंगवा, पाती, पेशी, उलटं फिरणं. त्यांना खाडी आठवत होती, माझा प्रश्न आठवत नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "आन परत गोड्यात आलं तर? जुनं काम आठवतं का त्यांस्नी?" मी म्हणाले, आठवतं, वेळ लागतो, पण आठवतं. ते म्हणाले, "मग काय काळजी न्हाय."

पाडवा झाला. गाठीच्या माळेतली एक गाठी त्यांनी टबात टाकायला घेतली होती, मी हात धरला. दोन दिवसांनी कोंडीबाकाकांचा फोन आला. आप्पांना फोन कानाला लावून बोलता येत नाही, समोर धरून बोलतात, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. काकांच्या मागे मेंढरं ओरडत होती. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि हात थांबला होता.

"दादा, उद्याच्याला येतुया सोलापूरला. गाडी हाय. गाठोडं बांधून ठिव."

मेंढरांचा आवाज. त्यातली एक खोकत होती.

"खोकतीया कोन ती?" आप्पांनी विचारलं.

"कपिली."

"तिला हळद-गूळ दे. आन मीठ हातावर चार, दगडावर तिला मिळत न्हाय."

"तू आल्यावर चार की. येतूस न्हवं?"

"येतो रं. पर आत्ता न्हाय. मासळी हाय हितं. खारं पानी गोडं करायचं काम चाललंय. ते झालं की मासळी सोडतो आन येतो."

"मासळी?" काका मोठ्यानं हसले. "धनगराचा कोळी झाला व्हय रं दादा?"

"झालो," आप्पा म्हणाले. "किती दिस लागत्याल ते पान्याच्या हातात हाय."

मी पुन्हा कणीक मळायला लागले. ती फार सैल झाली होती.

मग रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी टबात मीटर बुडवायला लागले. तसं काही कारण नव्हतं, ते माप आता कुठल्याच कामाचं नव्हतं, पण सवय. आप्पा शेजारी तांब्या घेऊन उभे असत. आकडा उतरत होता. चारचा साडेतीन झाला, तीन झाला, अडीच. आप्पा बोट बुडवून जिभेला लावत आणि म्हणत, "अजून हाय." मी म्हणे, आहे. अडीचचा दोन झाला. आणि मग एक सकाळ अशी आली की तो दोनच राहिला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दोनच्या किंचित वर. मी मीटरचं टोक धुतलं, ओढणीला पुसलं, पुन्हा बुडवलं. हवेच्या दगडाखाली पाहिलं. एक खडा होता, कडा अजून धारदार.

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते कठड्याबाहेर, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत होते. त्यांच्या पायाशी खाकी गाठोडं होतं, आता मुठीएवढं झालेलं, फडकं सैल पडलेलं.

"किती हाय?" त्यांनी विचारलं.

मी मीटर बंद केला. "हाय की अजून. लई दिस लागतील, आप्पा."

"लागू देत," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी कॉलेजमधून येताना मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे थांबले. त्यानं बारीक मिठाची पिशवी पुढे केली. मी म्हणाले, ते नको, जाडं द्या. खड्याचं. तो आत जाऊन शोधत बसला, म्हणाला, आता हे कुणी नेत नाही, लोणच्याच्या दिवसांत तेवढं. मिळालं. घरी आले तर आप्पा गॅलरीत टबाशी वाकून बसले होते, पाण्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन जिभेनं तो आवाज काढत होते, जो मला लिहून दाखवता येत नाही. मासे काही धावून येत नव्हते. आपापल्या जागी तरंगत होते, कल्ले उघडत होते, मिटत होते. मला बघून आप्पा थांबले. मी मिठाची पिशवी त्यांच्या गाठोड्याशेजारी ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. आत उभी राहून ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला, मग एक खडा दाताखाली फुटल्याचा.

"बेताचंच हाय," बाहेरून आप्पा म्हणाले. "पर चालंल."